सेव्ह फाइलवर तुळशीपत्र

2010 सालचा एप्रिल. सांगलीत तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी लटकत असे, आणि वेळापत्रकात नसतानाही लाइट जात असे. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. अभ्यासातून वाचवलेल्या तासांत दादाच्या कॉम्प्युटरवर ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ खेळायचे. यूपीएसची बॅटरी केव्हाच संपली होती. त्या दुपारी लाइट झटके देत गेली, आली, पुन्हा गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा कॉम्प्युटर सुरूच होईना. हार्ड डिस्क गेली होती. तिच्यात दादाचे फोटो होते, माझा प्रोजेक्ट रिपोर्ट होता (त्याची प्रिंट आदल्याच आठवड्यात काढली होती) आणि माझा 42 तासांचा खेळ होता.

दादाला फोटोंची हळहळ वाटली. मला सगळ्यात जास्त वाईट त्या खेळाचं वाटलं आणि ते घरात कुणाला सांगता येईना. आई म्हणाली, ‘अगं, परत खेळ की. गेमच आहे ना?’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्या 42 तासांत मी एका मुलीला वाढवलं होतं. तिने कुणावर विश्वास टाकला, कुणाला माफ केलं, कुठे खोटं बोलली, हे सगळं माझ्या हातून झालं होतं. ती मुलगी कुणी मागितली नाही, कुणाच्या उपयोगी आली नाही. नुसती नाहीशी झाली.

आठ वर्षांनी दुसऱ्या एका गेमने माझ्याकडे तीच गोष्ट मागितली. विचारून, समजावून, पुन्हा पुन्हा खात्री करून घेत. त्या मागण्याचं काय करायचं हे ठरवायला मला पुढची चार वर्षं लागली. त्या काळात मी जे खेळले आणि जे डोक्यात घोळलं, ते आज लिहून काढते आहे. काही गेमचे शेवट यात उघडे पडणार आहेत. ज्यांना ते स्वतः गाठायचे असतील त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा आणि नंतर जरूर परत यावं.

जूनमध्ये दादाने नवी हार्ड डिस्क आणली आणि मी ‘ड्रॅगन एज’ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. बायोवेअर या कॅनडातल्या स्टुडिओचा हा गेम 2009 च्या नोव्हेंबरमध्ये आला होता. त्यात तुम्ही ग्रे वॉर्डन असता, म्हणजे राक्षसांशी लढणाऱ्या एका पंथातले योद्धे. आर्चडेमन नावाचा, ड्रॅगनच्या रूपातला एक शत्रू आहे, आणि त्याला ठार मारू शकतात ते फक्त वॉर्डन. का, ते गेम शेवटच्या लढाईच्या आदल्या रात्रीपर्यंत सांगत नाही. त्या रात्री रिऑर्डन नावाचा एक अनुभवी वॉर्डन तुम्हाला बाजूला बोलावून सांगतो: आर्चडेमन मेला की त्याचा आत्मा जवळच्या दुसऱ्या राक्षसात शिरतो. शेवटचा घाव वॉर्डनने घातला तर तो त्या वॉर्डनमध्ये शिरतो आणि दोघंही नष्ट होतात. थोडक्यात, जो मारेल तो मरेल.

हे ऐकून तुम्ही खोलीवर येता, तर तिथे मॉरिगन वाट बघत उभी असते. इतका वेळ तुमच्या सोबतीने चाललेली ही जादूगारीण. ती एक तोड सुचवते. आज रात्री वॉर्डन पुरुषापासून तिला मूल राहिलं तर आर्चडेमनचा आत्मा त्या गर्भात जाईल आणि कुणीच मरणार नाही. पुढे त्या मुलाचं काय होणार, हे विचारायचं नाही. माझी वॉर्डन मुलगी होती, शहरातल्या एल्फ वस्तीतली. तिचं प्रेम अलिस्टेअरवर, तोही वॉर्डन. म्हणजे मला त्याच्या खोलीत जाऊन, आजची रात्र मॉरिगनसोबत घालव, असं त्याला पटवावं लागलं असतं. मी मॉरिगनला नाही म्हणाले. ती त्याच क्षणी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी डेनेरिम शहरातल्या किल्ल्याच्या गच्चीवर आर्चडेमन जखमी होऊन पडला. रिऑर्डन आधीच मेला होता. उरलो आम्ही दोघं. मी मनाशी ठरवलेलं होतं की घाव मी घालणार. आणि अलिस्टेअरने मला ते करूच दिलं नाही. त्याच्याशी तुमचं प्रेम जुळलेलं असेल आणि त्याला तुम्ही गच्चीपर्यंत नेलं असेल, तर तो निर्णय स्वतःकडे घेतो. त्याने धाव घेतली आणि घाव घातला. पांढरा लखलखाट झाला आणि तो गेला.

माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. इतके तास सगळं माझ्या होकार-नकारावर चाललं होतं आणि नेमक्या त्या क्षणी कुणीतरी माझ्यासाठी मरून गेलं, मला न विचारता. ज्याच्यासाठी त्याग होतो त्याच्या वाट्याला काय येतं, ते मला त्या दिवशी कळलं. त्याला एक ओझं मिळतं आणि ते नको म्हणायची सोय नसते.

मी आधीची सेव्ह, म्हणजे खेळ तिथवर आल्याची साठवलेली नोंद, उघडली. शेवटच्या चढाईआधी सोबत कुणाला न्यायचं आणि शहराच्या वेशीवर कुणाला ठेवायचं हे तुम्हाला निवडावं लागतं. मी अलिस्टेअरला वेशीवर ठेवलं. तिथे प्रत्येकाचा निरोप घेता येतो. त्याचाही घेतला, पण वर काय करणार आहे ते सांगितलं नाही. वर जाऊन घाव मी घातला. मग अंत्यदर्शनाचं दृश्य आलं, लोक जमलेले, आणि मला वाटलं की हा खरा शेवट, हा माझा. दोन-तीन दिवसांनी आंघोळ करताना एकदम जाणवलं, की त्याने माझ्याशी जे केलं तेच मी त्याच्याशी केलं होतं. त्याला न विचारता वेशीवर ठेवून.

मराठीत या गोष्टीसाठी बरेच शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बळी देतात तो दुसऱ्याचा. बळी घेतात तोही दुसऱ्याचाच. बळी जातो त्याला कुणी विचारलेलं नसतं. त्याग मात्र स्वतःच्याच गोष्टीचा करता येतो. इंग्रजीत या सगळ्याला मिळून एकच शब्द चालतो आणि हे गेम त्याच भाषेत आपल्यापर्यंत येतात. त्यामुळे खेळताना फसगत होते. पडद्यावर ‘कुणाला वाचवायचं’ असे दोन पर्याय येतात आणि आपल्याला वाटतं, केवढा त्याग करतोय आपण. बायोवेअरच्याच ‘मास इफेक्ट’च्या 2007 च्या पहिल्या भागात व्हर्मायर नावाच्या ग्रहावर कमांडर शेपर्डला, म्हणजे खेळणाऱ्याच्या पात्राला, अ‍ॅशली आणि केडन या दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच परत आणता येतं. मी अ‍ॅशलीला आणलं. रात्री झोप लागली नाही इतकं ते लागलं मनाला. पण तो माझा त्याग नव्हता. मी केडनचा बळी दिला होता.

याच्या उलटं ‘फॉलआउट 3’मध्ये झालं. बेथेस्डाचा 2008 चा गेम. अणुयुद्धानंतरचं उजाड वॉशिंग्टन आणि तिथल्या जेफरसन मेमोरियलमध्ये उभारलेलं पाणी शुद्ध करण्याचं एक प्रचंड यंत्र. तुमच्या वडिलांनी आयुष्य त्याच्यामागे घालवलेलं आहे आणि त्याच खोलीत किरणोत्सर्ग सोडून घेऊन, शत्रूला अडवत, ते तुमच्या डोळ्यांसमोर मेलेले आहेत. शेवटी त्याच खोलीत कुणीतरी शिरून कळफलकावर 216 हा आकडा दाबायचा असतो. बायबलमधल्या, तहानलेल्याला जीवनाचं पाणी फुकट देण्याविषयीच्या वचनाचा तो क्रमांक. मुलीने बापाच्या जागी उभं राहावं, ही रचना सुंदर आहे. फक्त तुमच्या शेजारी फॉक्स उभा असू शकतो. फॉक्स म्हणजे किरणोत्सर्गाचा ज्याच्यावर काही परिणामच होत नाही असा महाकाय म्युटंट. काही तासांपूर्वी अशाच एका भारलेल्या खोलीत शिरून त्यानेच तुम्हाला एक यंत्र आणून दिलेलं असतं. त्याला म्हणावं, बाबा रे, तू जा, तुला काही होणार नाही. तर तो म्हणतो, हे तुझं विधिलिखित आहे, मी त्याच्या आड येणार नाही.

खेळणारे यावर चिडले आणि त्यांचं चिडणं मला मनापासून पटतं. मरायची त्यांची तयारी होती. दार उघडं असताना भिंतीतून जायला सांगितलं, याचा तो राग होता. 2009 मध्ये ‘ब्रोकन स्टील’ ही पुरवणी आली. तिच्यात फॉक्सला पाठवता येऊ लागलं. पण तिच्यातच असंही झालं, की तुम्ही स्वतः आत गेलात तरी मरत नाही, दोन आठवड्यांनी जागे होता आणि खेळ पुढे चालू राहतो. निवड आली आणि तिच्याबरोबर किंमत गेली. दोन्ही एका वेळी ठेवणं किती अवघड असतं, ते या एका उदाहरणात दिसतं.

‘मास इफेक्ट 3’ 2012 च्या मार्चमध्ये आला. तोवर पाच वर्षं आणि दोन भाग लोकांनी एकच सेव्ह पुढे पुढे नेत आणली होती. पहिल्या भागात घेतलेला निर्णय तिसऱ्यात समोर यायचा. शेवटी शेपर्डसमोर तीन वाटा: यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा, किंवा सजीव आणि यंत्र यांचं मीलन. लाल, निळा, हिरवा उजेड. शेवटची दृश्यं बरीचशी सारखीच, रंग तेवढा वेगळा. नाराज चाहत्यांनी बायोवेअरला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वर लाल, निळं आणि हिरवं क्रीम, आणि चव तिन्हींची एकच. स्टुडिओने ते वाटून टाकले. चाहत्यांनी निषेध म्हणून लहान मुलांच्या रुग्णालयांना खेळणी देणाऱ्या एका संस्थेसाठी पैसेही गोळा केले, हे मला अजून आठवतं आणि चांगलं वाटतं. जूनच्या 26 तारखेला वाढवलेला शेवट फुकट देण्यात आला. त्यात तिन्ही वाटा नाकारायचा चौथा पर्यायही होता आणि तो घेतला तर त्या पिढीतले सगळे हरतात.

मला स्वतःला शेपर्डच्या मरण्याचं दुःख झालं, पण ते त्या रंगांत कुठेतरी पातळ होऊन गेलं. त्याच गेममध्ये त्याच्या कितीतरी आधी मॉर्डिन नावाचा एक म्हातारा शास्त्रज्ञ आहे. तरुणपणी त्याने एका अख्ख्या जमातीची मुलं जगू नयेत असा रोग पक्का करायला हातभार लावलेला आहे. आता त्यावरचा उपाय वातावरणात सोडायला तो कोसळत्या मनोऱ्यावर चढतो. तुम्ही त्याला गोळी घालून थांबवू शकता. मी त्याला जाऊ दिलं. काम नीट व्हायचं तर ते आपल्याच हातून व्हायला हवं, असं काहीतरी पुटपुटत तो वर जातो. विद्यार्थ्याने चुकलेलं गणित स्वतः पुसून पुन्हा सोडवावं तसं. मॉर्डिन जे देतो ते त्याच्याच चुकीच्या मापाचं आहे. शेपर्डच्या तीन रंगांत मला ते माप सापडलं नाही, आणि म्हणून मला मनोरा आठवतो.

या सगळ्यांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. अलिस्टेअर गेला, शेपर्ड गेला, वडिलांच्या खोलीतली ती मुलगी गेली. मी कुठे गेले? मी आधीची सेव्ह उघडली. पात्राचा जीव जातो आणि खेळणाऱ्याचे तास शाबूत राहतात. मी वर त्यागाबद्दल एवढं लिहिलं, पण खेळणाऱ्याच्या हातात स्वतःचं म्हणावं असं खरं एकच असतं आणि ते म्हणजे त्याने घातलेला वेळ. त्याची वही म्हणजे सेव्ह फाइल. तिच्यावर पाणी सोडायला सांगणारा दिग्दर्शक मला माहीत आहे तो एकच, जपानचे योको तारो.

2018 च्या ऑक्टोबरमध्ये अण्णांचं पोटाचं ऑपरेशन झालं, मिरजेत. रक्ताच्या तीन पिशव्या लागल्या. पहिली चढत असताना मी पलंगाशेजारी बसून तिच्यावरची चिठ्ठी कितीदा तरी वाचली. रक्तगट, एक क्रमांक, तारीख. नाव नव्हतं. कुणाचं तरी होतं ते आणि थेंब थेंब अण्णांच्या हातात जात होतं.

घरी आणल्यावर तीन आठवडे रात्रीची पाळी माझी होती. दोन वाजता एक गोळी, पहाटे पाचला एक. मधे झोपले तर उठणार नाही अशी भीती, म्हणून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी ‘निअर : ऑटोमाटा’ खेळायचे, हेडफोनचा एकच कान लावून. दुसरा कान अण्णांच्या खोलीकडे. 2017 चा हा गेम प्लॅटिनमगेम्सने बनवला आणि स्क्वेअर एनिक्सने आणला. माणसांनी सोडून दिलेल्या पृथ्वीवर अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे बनवलेले रोबो, आणि यंत्रं लढताहेत. टूबी, नाइनएस आणि एटू ही त्यातली मुख्य पात्रं, तिघंही अँड्रॉइड. गेमला एकूण 26 शेवट आहेत, इंग्रजीच्या प्रत्येक अक्षराला एक. त्यातले पहिले पाच महत्त्वाचे. पहिला झाला की तीच कथा दुसऱ्याच्या नजरेतून, मग तिच्या पलीकडची. माझ्या डोक्यात आजही त्या गेममधलं वाळवंट आणि अण्णांचं कण्हणं एकमेकांत मिसळलेलं आहे. करमणूक नगरीतले फुगे सोडणारे यंत्रमानव पहिल्यांदा दिसले त्या रात्री अण्णा पहिल्यांदा स्वतःहून कुशीवर वळले होते.

सगळी मरून जातात. मग श्रेयनामावली सुरू होते, आणि इतका वेळ नियमाने बोलणारं एक छोटं सोबती-यंत्र, पॉड 042, आज्ञा मोडतं. या तिघांची माहिती पुसून टाकायची आज्ञा असते, ते म्हणतं, नाही पुसणार, वाचवायचं आहे. तुम्ही साथ देणार का? हो म्हटलं की तुम्ही एक छोटं विमान होऊन त्या नामावलीतल्या नावांशीच लढता. गेम बनवणाऱ्यांची नावं तुमच्यावर गोळ्या झाडतात. तीनदा मार लागला की संपलं. दर वेळी पडद्यावर प्रश्न येतो: सोडून देतेस का? या खेळांना काही अर्थ नाही हे मान्य करतेस का? मी नाही, नाही म्हणत राहिले. दहा-बारा वेळा मेले. हळूहळू मागे जगभरच्या खेळणाऱ्यांनी लिहिलेल्या धीराच्या ओळी दिसू लागल्या. मग विचारणा झाली, मदत येते आहे, घेणार का?

हो म्हटल्याबरोबर माझ्या विमानाभोवती दुसरी विमानं गोल करून उभी राहिली. गाणं एकटीच्या आवाजात चाललं होतं, त्यात समूहाचे आवाज आले. आता गोळी लागली की मी मरत नव्हते. भोवतीचं एक विमान जायचं आणि ओळ उमटायची: अमक्याची माहिती नष्ट झाली. नाव असायचं. मी चुकले की एक नाव जायचं. पहाटेचे साडेचार झाले होते. पाचची गोळी द्यायची होती. त्या टेबलावर बसून मला मिरजेतली पिशवीवरची चिठ्ठी दिसायला लागली आणि पडदा धूसर झाला.

लढाई संपल्यावर पॉड विचारतो: तुलाही असंच कुणाला मदत करायची आहे का? मोबदला म्हणून तुझी सगळी सेव्ह जाईल. तो घाई करत नाही. एकामागून एक अडचणी सांगतो. ज्याला मदत मिळेल तो अनोळखी असेल. तुला न आवडणारा माणूसही असू शकेल. आभार मिळतीलच असं नाही. तरीही?

मी उत्तर न देता लॅपटॉप तसाच उघडा ठेवला. सकाळी दादाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, ‘अगं, फोल्डर पेनड्राइव्हवर घे आणि खुशाल डिलीट कर. कुणाला कळणार आहे?’ दादाचं माझ्यावरचं प्रेमच त्यात होतं, हार्ड डिस्क गेल्याचा दिवस त्यालाही आठवत होता. मी फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला. आणि परत त्या प्रश्नासमोर बसले.

लहानपणी बलिप्रतिपदेला आजी गोष्ट सांगायची. वामनाने तीन पावलं जमीन मागितली. शुक्राचार्यांनी ओळखलं की हा बटू कोण आहे आणि बळीला सगळं सांगितलं, की हा तुझं सर्वस्व नेणार. बळी म्हणाला, शब्द दिलाय. दानाचं उदक सोडायला त्याने झारी उचलली, तर शुक्राचार्य लहान होऊन झारीच्या तोटीत जाऊन बसले. पाणी पडेना. वामनाने दर्भाची काडी तोटीत घातली आणि त्यांचा डोळा गेला. झारीतले शुक्राचार्य म्हणून आपण ज्यांना नावं ठेवतो, ते शिष्यावर माया करणारे गुरू होते, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा सुचलं. त्यांना बळी वाचायला हवा होता, एवढंच. माझ्या झारीत पेनड्राइव्ह होता.

तो लॅपटॉपला लावलेला असताना ‘हो’ म्हणणं मला जमेना, कारण ते खोटं झालं असतं. तो काढून पुसून टाकणंही जमेना. त्या फाइलमध्ये 61 तास होते आणि ते सगळेच्या सगळे अण्णांच्या खोलीबाहेरचे होते. मी ‘नाही’ दाबलं. पॉडने काही बोल लावला नाही. सेव्ह राहिली.

अण्णा बरे झाले. मी नोकरीवर परतले. फाइल तशीच होती, आणि तिच्याकडे बघितलं की मला ज्यांची माहिती नष्ट झाली ती नावं आठवायची. नेमकं एकही नाव लक्षात राहिलेलं नव्हतं, याची टोचणी जास्त होती.

2021 मध्ये योको तारोंचा आधीचा, 2010 चा ‘निअर’ नव्या रूपात आला. त्याच्या चौथ्या शेवटात काइने नावाच्या बाईला वाचवण्यासाठी नायकाला आपलं असणंच देऊन टाकता येतं. नुसता जीव नव्हे. तो कधी होता ही जगाची आठवणही जाते. खात्री म्हणून तुम्हाला तुमचं नाव स्वतःच्या हाताने टाइप करावं लागतं. मग यादीतल्या वस्तू, नोंदी डोळ्यांसमोर पुसल्या जातात. ते नाव पुन्हा नव्या खेळालाही देता येत नाही. काइने वाचते, आणि शेजारी कुणी होतं हे तिला माहीत नसतं. अलिस्टेअरला मी वेशीवर ठेवलं होतं, त्याच्याकडे निदान दुःख तरी होतं. काइनेकडे तेही नाही. मी नाव टाइप केलं. हात थरथरला, पण केलं. तो खेळ काही महिन्यांचाच होता, त्यात कुठली रात्र अडकलेली नव्हती.

नव्या आवृत्तीत मात्र एक पाचवा शेवट घातलेला आहे. त्यात काइनेला सतत काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. काय, ते कळत नाही. ती शोधत शोधत निघते आणि शेवटी त्याला परत आणते, आणि तुमची पुसलेली सेव्हही परत मिळते. सुरुवातीला मला हे आवडलं नाही. दिलेलं परत घ्यायचं कसलं? पण काइनेने ते मागून आणलं होतं, मी नव्हे. जिच्यासाठी दिलं तिला कुणी विचारलं नव्हतं आणि आता ती स्वतःहून बोलत होती. दहा-अकरा वर्षं वेशीवर उभ्या असलेल्या माझ्या अलिस्टेअरच्या बाजूने कुणीतरी उत्तर दिल्यासारखं मला वाटलं. तो शेवट मी दोनदा पाहिला.

2022 च्या जूनमध्ये, एका रविवारी, मी जुना लॅपटॉप काढला. पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच होता. आधी तो रिकामा केला. अण्णा परसात कढीपत्त्याला आळं करत होते. मी त्यांना सांगितलं, की तुमच्या आजारपणात खेळायचे तो गेम आज पुसते आहे. ते म्हणाले, ‘का गं? जागा कमी पडतीय का?’ मी म्हटलं, ‘नाही, एकाला द्यायचाय.’ ते म्हणाले, ‘मग दे की,’ आणि परत मातीकडे वळले.

शेवटचा टप्पा पुन्हा खेळले. नावं आली, विमानं आली, समूहाचे आवाज आले. या वेळी लढताना मी जाणारी नावं मोठ्याने वाचली. पॉडने तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. मी दर वेळी हो म्हटलं. आयत्या शब्दांमधून धीराचा एक निरोप जुळवायचा असतो, तो जुळवला. मग मेनू आपोआप उघडला आणि पानामागून पान रिकामं व्हायला लागलं. शस्त्रं. वस्तू. करून झालेली कामं. शत्रूंच्या नोंदी. मासे, कारण त्या रात्रींत मी खूप मासे पकडले होते. शेवटी सेव्हच्या तिन्ही ओळी. माझं विमान कुणाच्या लढाईत गेलं, कुणाच्या चुकीने पडलं, हे कळायची सोय नाही.

थोड्या वेळाने मी नवा खेळ सुरू केला. निअर ऑटोमाटाच्या सुरुवातीला एक जुना कारखाना आहे. टूबी आणि नाइनएस तिथे पहिल्यांदा भेटतात, आणि तो सगळा भाग संपेपर्यंत सेव्ह करता येत नाही. मेलात तर पहिल्यापासून. तो संपतो तेव्हा दोघं अवाढव्य यंत्रांच्या वेढ्यात सापडतात आणि स्वतःला उडवून देतात. नव्या शरीरात टूबीला सगळं आठवतं. नाइनएसला तिची ती भेट आठवत नाही, कारण तेवढ्या वेळात एकाचीच स्मृती वर पाठवता येत होती आणि त्याने तिची पाठवली. तिला न विचारता. 2018 मध्ये हे मी कथेतला एक तपशील म्हणून वाचून पुढे गेले होते.

कारखान्याच्या मध्यावर पोचले तेव्हा बाहेर आभाळ भरून आलं. दिवे एकदा मिचकावले. या लॅपटॉपची बॅटरी आता दहा मिनिटंही टिकत नाही. आईने आतून हाक मारली, ‘लाइट जाईल बघ, बंद कर ते.’ सेव्ह करायची जागा अजून बरीच लांब होती. मी खेळत राहिले.